फळ्यावर लालासाहेबाचं नाव

वडूजच्या पेठेत शकुंतलाबाईंचं कांदा-लसूण चटणीचं दुकान होतं, आणि दुकानाबाहेर एक काळा फळा. त्यावर रोज सकाळी त्या स्वतः लिहायच्या: आज मिरची कुठली, तिखट किती, काय बिघडलं. खालची जागा गिऱ्हाइकांची. कुणी 'खोबरं खवट' लिहिलं, की शेजारी बाई लिहायच्या, 'खरं आहे. बदलून न्या.' त्या फळ्यावर गावाचा विश्वास होता तो यामुळेच.

नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात सांगलीचा भाचा निमिष आला. जाहिरातीचा कोर्स झाला होता, त्यामुळे त्याला शिंगं फुटली होती.

"आत्या, आपल्याच दारात आपल्याच तक्रारी कोण मिरवतं? तू चटणी बघ, फळा माझ्याकडे दे."

वर्षाची चटणी करून घ्यायला बायकांची झुंबड उडालेली. बाईंनी घाईघाईत हो म्हटलं आणि तिथंच माती खाल्ली.

दुसऱ्या दिवशी तक्रारी गायब. त्यांच्या जागी ठळक अक्षरांत: 'आमच्या पलटणीला हीच चटणी लागते! – लालासाहेब'. फौजेत असलेला गावचा लालासाहेब दर सुट्टीला इथून डबा भरून न्यायचा, हे निमिषनं दुकानातच ऐकलं होतं. सीमेवर लढाई पेटली होती आणि बरेच दिवस लालासाहेबाची घरी काही खबर नव्हती, हेही त्यानं ऐकलं होतं. पण ते त्याच्या कोर्समध्ये नव्हतं.

बाई मागच्या बाजूला मिरच्या भाजत होत्या. दुपारी लालासाहेबाची आई अंबूबाई अनवाणी धावत आली. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्यात भाकरीचा तुकडा. लांबून आलेल्या लेकावरून उंबऱ्यातच ओवाळून टाकायचा तो.

"शकूताई, कुठं हाय माजा ल्योक? फळ्यावर लिवून गेला म्हनत्यात. घरला यायच्या आदी हितं आला व्हय?"

ती पोत्यांमागंसुद्धा डोकावली. बाईंनी बाहेर येऊन फळा वाचला आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"जाहिरात आहे आत्या," निमिष पुटपुटला. "चटणी तर तो नेतोच ना?"

बाईंनी त्याच्या थोबाडीत दिली. भर पेठेत, गिऱ्हाइकांदेखत. हात झिणझिणला तरी राग निवेना.

"सांग त्यांना. तुझ्या तोंडानं सांग."

"ते... मी लिहिलंय," निमिष म्हणाला.

अंबूबाईनं दोघांकडे पाहिलं. "मंजी त्यो आलाच न्हाई?"

बाईंनी ओलं फडकं उचललं, तशी अंबूबाईनं त्यांचं मनगट घट्ट धरलं.

"नगा, शकूताई! लढाई चाललीया. त्याचं नाव पुसू नगा."

फडकं बाईंच्या हातातच राहिलं. अंबूबाईनं तुकडा पदराखाली घेतला आणि ती आली त्या वाटेनं परत गेली. आपल्या फळ्यावर खोटं लिहिलंय आणि ते आता पुसताही येत नाही, या संतापानं त्यांना धड रडूही येईना.

तेवढ्यात मोटारसायकलवरून एक माणूस उतरला. फळा वाचून खूश झाला.

"लालासाहेब खातो ती द्या किलोभर!"

निमिषनं लगबगीनं तराजू ओढला. बाईंनी तो त्याच्या हातातून हिसकावला, गिऱ्हाइकाला पायरीखाली उतरवलं आणि भर हंगामात दुकानाचं शटर धाडकन खाली ओढलं.