हुबेहूब कडुनिंब

यवतमाळच्या त्या चौकात निसर्ग उरलेला नाही, असा शोध 'चौक निसर्गीकरण समिती'ला लागला, तेव्हा समितीची बैठक कडुनिंबाखाली भरली होती. एप्रिल महिना होता. अन्यत्र बसणे सदस्यांना मानवणारे नव्हते.

त्याच झाडाखाली उकंडा बावीस वर्षे लोकांच्या दाढ्या करीत आला होता. त्याच्या दुकानाला भिंती नव्हत्या, छप्पर नव्हते. जे होते ते झाडाचे होते. म्हणून समितीचे अभियंते सदाशिवराव कारागीर घेऊन आले आणि बुंध्यावर ओल्या प्लास्टरचे थर चढू लागले, तेव्हा गिऱ्हाईकाची दाढी अर्धवट सोडून तो पुढे धावला.

"काहून जी साहेब, झाडाले काय झालं?"

"काही नाही रे. साचा घेऊन राह्यलो. सिमेंटचे अकरा कडुनिंब करायचे, हुबेहूब. शहर कसं जंगलासारखं वाटलं पाहिजे!"

ज्याची छबी घेतात त्याला जपतात, अशी उकंडाची भाबडी समजूत. त्याने शिडी धरली, पाणी आणून दिले. सालीची कोणती भेग खोल, कोणती गाठ ठळक, तेही दाखवले.

"झाडाचीही दाढी करशीन तू, भाऊ!" एक कारागीर खूश होऊन म्हणाला.

साचा उत्तम निघाला. मूळ झाडाची गरज संपली. समितीच्या अहवालाने त्याच्यावर तीन आरोप ठेवले: ते पाने गाळते, पक्षी जमवते आणि नव्या झाडांच्या रांगेत बसत नाही. तिन्ही निर्विवाद होते. साठ वर्षांत ते जागचे हलले नव्हते.

करवत चालू झाली.

"साहेब, माह्या हातानं शिडी धरली मी," उकंडा पुटपुटला.

"मग काय, उद्घाटनाच्या पत्रिकेत नाव छापू तुझं?"

मे महिन्यात फीत कापली गेली. अकरा बुंधे, फायबरची मोजकी पाने, आणि फांदीत दडवलेल्या भोंग्यातून कोकिळेचे कूजन, सकाळी दहा ते पाच, सुट्टीचे दिवस वगळून. उकंडाने एका बुंध्याशी बस्तान मांडले. पहिले गिऱ्हाईक खुर्चीच्या तापल्या पत्र्यावर टेकले आणि शिव्या देत उठले.

तेवढ्यात सदाशिवरावांची गाडी थांबली.

"सगळं हुबेहूब हाये, साहेब. पण याची सावली कुठी हाये?"

"सावली दुसऱ्या टप्प्यात आहे." काच वर गेली.

उकंडाने दुपारी बारापर्यंत दुसऱ्या टप्प्याची वाट पाहिली. मग वस्तरा-कात्री पिशवीत टाकली, खुर्ची उलटी करून डोक्यावर घेतली आणि दुसरे झाड शोधत तो आर्णी रोडने निघाला. चौकात होती नव्हती तेवढी सावली त्याच्याबरोबर गेली.