खिडकीखालचा खडूचा चौकोन

भिंगरी शाळेतून आली आणि इमारतीच्या मागच्या बाजूला दप्तरासकट थबकली. आईच्या खिडकीखाली, गजातून हात घातला तर लागेल इतक्या जवळ, कुणीतरी खडूने चौकोन आखला होता. चौकोनात ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: पंप.

तळपायाची आग मस्तकात जायला तिला तेवढा एक शब्द पुरला.

पुढच्या अंगणात पोहण्याचा तलाव बांधून झाला होता. निळ्या फरश्या, चकचकीत शिडी, सगळं झोकात. आता पाणी गाळायला पंप बसवायचा होता, आणि तो रोज सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत चालणार होता. भिंगरीची आई हॉस्पिटलात नर्स. वर्षभर तिला सलग रात्रपाळी होती. साडेसातला घरी, नऊला अंथरुणावर, तीनला जाग. म्हणजे तिची रात्र आणि पंपाची ड्युटी अगदी मापून एकमेकांवर बसवल्यासारखी.

तीन वाजता आईने डोळे उघडले, तर भिंगरी उशाशी उभी.

"आई, तुझ्या डोक्यावर पंप बसवतायत."

"माहितीये." आईने जांभई दिली. "जिन्यात नोटीस लावलीय परवापासून."

"आणि तू काही बोलली नाहीस?"

"काय बोलू? सगळ्यांनी हात वर केले म्हणे सोसायटीच्या मीटिंगमध्ये. मी तेव्हा झोपले होते. जाऊ दे गं, कापूस घालीन कानात."

"कापूस! तो पंप आहे आई, डास नाही!"

"हळू बोल. माझं डोकं दुखतंय."

भिंगरीला आईचाच जास्त राग आला. मागे वरच्या मजल्यावर फरश्या फोडायचं काम निघालं होतं, तेव्हा आईला तीन दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता. चौथ्या रात्री तिने एका पेशंटचं इंजेक्शन दुसऱ्याच्या ट्रेमध्ये ठेवलं. टोचायच्या आधी लक्षात आलं म्हणून निभावलं. सकाळी घरी येऊन ती न्हाणीघरात नळ सोडून रडली होती. भिंगरीने दाराबाहेरून सगळं ऐकलं होतं. आणि ही बाई म्हणते, जाऊ दे!

भिंगरी तडक तलावापाशी गेली. मिस्त्री काठावर उकिडवा बसून पाइप मोजत होता.

"मिस्त्रीकाका, तुम्हाला दुसरी जागा दिसली नाही का हो?"

"मला काय विचारतेस? मी काय मालक आहे?" मिस्त्री आधीच वैतागलेला होता. "तुमच्या अध्यक्षांनी स्वतः खडू आणून चौकोन काढला. मी म्हटलं साहेब, पंप पाण्याच्या जवळ हवा आणि पाण्याच्या खाली हवा. म्हणजे पाणी आपल्या पायाने त्याच्याकडे चालत येतं. तिथे मागे वर नेऊन ठेवला तर बिचाऱ्याने दिवसभर स्ट्रॉने ओढत बसायचं. पाइप बावीस मीटर, वळणं सहा! ऐकतंय कोण?"

"मग बरोबर जागा कुठली?"

मिस्त्रीने नुसती हनुवटी उडवली. तलावापासून चार पावलांवर, पायऱ्या उतरून एक कोनाडा होता. सावली, वारा, पाणी वाहून जायला खाली नाली. पंपासाठी मुद्दाम बांधल्यासारखा. आणि कोनाड्याला लागून कमिटीची खोली. तिथे रोज जेवणं झाली की अध्यक्ष, गणिताचे निवृत्त सर आणि आणखी दोघं पत्ते कुटत बसायचे. अगदी पाच वाजेपर्यंत.

"अच्छा!" भिंगरी म्हणाली. "असं आहे होय!"

ती धावतच घरी गेली आणि आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन आली. टेप दीड मीटरचीच, त्यामुळे ती उठत बसत, खुणा करत पुढे सरकली. दोन्ही अंतरं दोनदोनदा मोजून तिने वहीत लिहिली आणि वही घेऊन पत्त्यांच्या डावात शिरली.

"काका, इथून तलाव तीन मीटर. माझ्या आईच्या खिडकीपासून बावीस."

अध्यक्षांनी पानांवरून नजरसुद्धा उचलली नाही. "बाळ, शाळेचा अभ्यास झाला का?"

"झाला. पंप इथे बाहेर का नाही?"

"इथे चार ज्येष्ठ माणसं बसतात. त्यांना शांतता नको?"

"आणि माझी आई झोपते, तिला नको?"

"दिवसा?" कुणीतरी म्हणालं, आणि चौघंही हसले. वाईट म्हणजे गणिताचे सरही हसले. भिंगरीला अपूर्णांक त्यांनीच शिकवले होते.

"अगं, आवाज होतच नाही त्याचा," अध्यक्ष म्हणाले. "नवीन मॉडेल आहे. रविवारी सकाळी अकराला ये, चालवून दाखवतो. तुझी खात्री पटली की पुन्हा तोंड उघडायचं नाही. कबूल?"

"आणि पटली नाही तर?"

"आधी ये तर."

रविवारी अकराला मागच्या बाजूला सात-आठ माणसं जमली. पंप खडूच्या चौकोनात आणून ठेवला होता. नवा कोरा, पाइप न जोडलेला, दोन्ही तोंडं उघडी. जिन्यातल्या बोर्डापासून लांबलचक वायर ओढली होती. आत पडद्यामागे आई झोपली होती. शनिवारी रात्री एकटीने अठरा पेशंट सांभाळून आली होती.

मिस्त्रीला पाइपचा एक जोड कमी पडला होता. तो आणायला निघताना सगळ्यांच्या देखत त्याने बजावलं, "मी येईपर्यंत कुणी हात लावू नका. पाण्याशिवाय हा मिनिटभरसुद्धा चालवायचा नाही. आतलं सील पाण्यानेच थंड राहतं."

"हो हो, जा तू," अध्यक्ष म्हणाले. मिस्त्री कोपऱ्यावरून वळला आणि यांनी घड्याळ बघितलं. "त्याची वाट बघत बसलो तर दुपार होईल. आवाजच तर ऐकायचाय."

"काका, ते नको म्हणाले!"

"ए पोरी, तीस वर्षं मी ऑफिसात माणसं चालवलीत. पंप काय मोठी चीज आहे?" आणि त्यांनी बटण दाबलं.

पंप गुणगुणायला लागला. खरंच हळू, मांजर घुरघुरावं तसा. अध्यक्षांनी हात पसरून सगळ्यांकडे असं बघितलं, जणू ते घुरघुरणं त्यांच्याच पोटातून येत होतं.

"ऐकलंस? हा तुझा राक्षस!"

"त्यात पाणीच नाहीये! ओढायला काही नसलं की कोण आवाज करेल? रिकामी सायकल उतारावरून मीही गुपचूप चालवते. पाण्यासकट दाखवा!"

"दहा मिनिटं ठेवू चालू. होऊन जाऊ दे एकदा समाधान बाईसाहेबांचं."

"बंद करा, काका!"

"आवाज खाली. तुझी आई झोपलीय ना?"

लोक फिदीफिदी हसले. भिंगरीच्या डोळ्यांत संतापाने पाणी आलं, आणि ते आलं म्हणून ती आणखीच चिडली.

चौथ्या मिनिटाला घुरघुर चिरकी झाली. मग पत्र्यावर खिळा ओढल्यासारखी किंकाळी फुटली. जळक्या रबराचा वास सुटला. अध्यक्ष बटणावर बोटं आपटत राहिले, पण घाईघाईत भलतंच बटण. एकाने कानांवर हात घेतले. वायर कुठून आलीय ते कुणालाच आठवेना.

धाडकन दार उघडलं. आई बाहेर आली. अनवाणी, केस पिंजारलेले, गालावर उशीचे वळ. तिने कुणाकडे पाहिलं नाही. वायरीच्या मागे मागे जिन्यापर्यंत चालत गेली, प्लग उपटला आणि तो हातात घेऊनच परत आली.

"कुणी लावला?"



"वहिनी, आम्ही फक्त प्रात्यक्षिक..." अध्यक्ष पुटपुटले.

"काल रात्री अठरा माणसं होती माझ्याकडे. एकाचा श्वास मी पहाटेपर्यंत मोजत बसले होते. आज रात्री पुन्हा जायचंय. झोप झाली नाही आणि माझ्या हातून चुकीची सुई गेली, तर तुम्ही याल का त्याच्या बायकोसमोर उभे राहायला? याल?"

"पण कमिटीने एकमताने..."

"मी झोपले असताना! माझ्या झोपेबद्दल!" आईने प्लग त्यांच्या पायाशी टाकला. "भिंगरे, उशी घे."

भिंगरीने आईचा हा आवाज आजवर ऐकलाच नव्हता. ती उशी घेऊन पळाली. आईने गादीची वळकटी खांद्यावर टाकली, अंगण ओलांडून सरळ कमिटीच्या खोलीत शिरली, पत्त्यांचं टेबल भिंतीकडे ढकललं आणि मधोमध गादी पसरली.

"वहिनी, हा कमिटीचा हॉल आहे!"

"इथे शांतता असते ना? तुम्हीच म्हणालात माझ्या पोरीला." आई आडवी झाली. "पंपाची जागा बदलत नाही तोवर मी इथे."

आणि भिंतीकडे तोंड करून ती झोपलीसुद्धा. भिंगरी दारात पाय रोवून उभी राहिली.

मिस्त्री जोड घेऊन आला, त्याने पंप उघडून आतला काळा ठिक्कर रबरी तुकडा बाहेर काढला आणि अध्यक्षांच्या नाकासमोर धरला. "झालं समाधान? सील मी बदलीन. पण त्या चौकोनात हा पंप मी बसवणार नाही. दुसरा मिस्त्री बघा."

सोमवारी आई ड्युटीवरून आली ती गादी घेऊन तिकडेच. मंगळवारीही. पत्तेवाले दुपारी पायऱ्यांवर बसले, तर उन्हाने पानं तापायला लागली. बुधवारी गणिताचे सर भिंगरीकडे आले आणि तिची वही मागितली. त्यांनी दोन्ही अंतरं स्वतः पावलांनी मोजली, आकड्यांखाली सही केली आणि वही परत देताना तिच्या नजरेला नजर दिली नाही.

गुरुवारी दुपारी मिस्त्री नवं सील घालून पंप घेऊन आला. अध्यक्षांनी हात झटकले. "लाव बाबा कोनाड्यात! आम्ही पत्ते गच्चीत खेळू, नाहीतर कुठे तरी. ए पोरी, झालं ना मनासारखं? उठव आता आईला. खोली रिकामी करा."

"नाही झालं," भिंगरी म्हणाली. "तुम्ही तिची माफी मागितली नाहीत."

अध्यक्षांचे कान लाल झाले. त्यांनी मागे पाहिलं. पायऱ्यांवर सर होते, मिस्त्री होता, हातात पाना धरून मजा बघत. कुणीच मदतीला आलं नाही.

"बरं. सांग तिला, अध्यक्ष सॉरी म्हणाले म्हणून."

"मी नाही सांगणार. तुम्ही सांगा."

"मग सरक ना बाजूला!"

"आता नाही." भिंगरीने दोन्ही हात चौकटीला टेकवले. "झोपलीय ती. तीन वाजता या."