कोठीतली पिसं

पीठ मळता मळता झुंबरबाईंच्या बोटांना काहीतरी मऊ लागलं. त्यांनी परात दाराच्या उजेडात ओढली. दादर ज्वारीच्या पांढऱ्या पिठात एक तांबडंलाल पीस होतं, नखाएवढं.

“रूपा! व रूपा! आठे ये. हाई काय शे?”

रूपा, त्यांची सून, आतल्या खोलीतून कपाळावरचे केस मागे सारत आली.

“अरे देवा. मानेचं पीस आहे, अक्का. धुतलेलं आहे हो, अगदी स्वच्छ.”

“धुयेल शे म्हनीसन खावानं का?”

रूपाला हसू आलं, पण ते तिने गिळलं. घरात सगळे झुंबरबाईंना अक्का म्हणत, आणि अक्कांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. लग्न होऊन आल्यापासून त्यांच्या चुलीवर अंडंसुद्धा चढलं नव्हतं. त्या घरात आता कोंबड्याच्या मानेची पिसं, बदकाच्या पंखांची पिसं, शेळीचे केस, बैलाच्या शेपटीचे केस, असं काय काय येऊन राहिलं होतं. रूपा हवं ते रंगवून गळावर दोऱ्याने बांधायची. टेबलाला आवळलेल्या छोट्या शिकंज्यात गळ धरायची आणि बघता बघता त्याची माशी करायची. पंख, शेपूट, मिशा, सगळं जिथल्या तिथे. नदीतला मासा ती खरीच समजून तोंडात घेतो म्हणे. पुण्यातलं एक दुकान त्या माश्या विकत घ्यायचं.

“आनि मासा मरस,” अक्का पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या.

“नाही अक्का. ती हौशी माणसं असतात. पकडतात, फोटो काढतात आणि परत पाण्यात सोडून देतात.”

अक्कांना ते पटलं नव्हतं. “सोडानाच व्हता ते धरा कसाले?”

रूपाने पुढचा गळ शिकंज्यात धरला होता.

अमळनेरचं ते घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत अक्कांची खाट, देव आणि चूल; आतल्या खोलीत कुंदन-रूपाचा संसार, रूपाचं टेबल आणि कोपऱ्यात कोठी. कोठी पत्र्याची, गोल, माणसाच्या छातीला लागेल एवढी. वर मोठं झाकण, खाली धान्य काढायला मुठीएवढं तोंड. कुंदनचे वडील, निंबा, हयात होते तेव्हा नरडाण्याकडच्या शेतातली दादर बैलगाडीने स्टेशनाला आणि तिथून रेल्वेने इथे यायची. कोठी भरली की अक्का झाकणाला हळदकुंकू लावायच्या. मग वर्षभर रोज सकाळी बोटाच्या पेराने पत्र्यावर वाजवून बघायच्या, खालून वर. भरल्या जागी आवाज दबका यायचा, रिकाम्या जागी ठण्ण. तेवढ्यावरून त्या सांगायच्या, आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, पुरेल की नाही ते.

ती जमीन औद्योगिक वसाहतीत गेली त्यालाही आता किती वर्षं झाली. निंबाही गेले. कुंदन रोज सकाळच्या गाडीने नरडाण्याला जायचा आणि तिथल्याच एका कारखान्यात काम करायचा. कारखान्याच्या भिंतीलगत एक जुनं कडुनिंबाचं झाड होतं. ते आपल्याच बांधावरचं असावं, असं त्याला वाटायचं. घरी मात्र तो हे कधी बोलला नाही. धान्य आता दुकानातून पिशवीने यायचं आणि डब्यात मावायचं. तरी अक्का सकाळी कोठी वाजवायच्या. खालपासून वरपर्यंत एकच आवाज. ठण्ण.

रूपाची पिसं मात्र कुठेच मावत नव्हती. बिस्किटांच्या डब्यात, मिठाईच्या खोक्यांत, खाटेखाली, उशीच्या अभ्र्यात, एक पुडकं तर देवांच्या मागच्या फळीवर. हवं ते पीस हव्या त्या वेळी सापडायचं नाही आणि नको ते पिठात निघायचं. त्यात या खेपेला पुण्याहून मोठी मागणी आली होती, पावसाळ्याआधी पोचवायची.

“अक्का,” एका रात्री जेवताना कुंदन म्हणाला, “ती कोठी भंगारात देऊन टाकू ना. त्या जागेवर भिंतीला लागून रॅक बसेल. रविवारी भंगारवाला येतोय, त्याला सांगतो.”

“मी मरसू मंग दे.”

“काय शे तिच्यात? रिकामी तर शे!”

“तुले काय म्हाईत?”

रूपा खाली मान घालून म्हणाली, “राहू द्या हो. जागा नाही म्हणून मीच बंद करते. उघड्यावर ठेवून कसर लागली तर तसंही सगळं वायाच जाणार. एवढी मागणी पुरी करते आणि गुंडाळते.”

त्या खोलीत कोठी आणि पिसं या दोन्हींपैकी एकच राहणार, हे अक्कांना कळलं. हायसं वाटायला हवं होतं. पण हात धुताना त्यांना रूपाचं तोंड आठवत राहिलं. सून आल्यापासून पहिल्यांदाच ती काहीतरी स्वतःचं करत होती आणि करताना गुणगुणत होती.

रविवारी रूपा जळगावला माहेरी गेली, भावाने जमवून ठेवलेली पिसं आणायला. कुंदन सलूनमध्ये. देवांची फळी पुसताना अक्कांनी ते पुडकं नाक मुरडत, दोन बोटांनी उचललं. आतून चंदेरी धुळीसारखं काहीतरी सांडलं आणि एक बारीक पाकोळी भुर्रकन उडाली.

कसर.

त्यांनी एक डबा उघडला, मग दुसरा. दोन्हींत लागलेली. गुंडाळते म्हणणाऱ्या रूपाचा आवाज कानात होता. आता काय करायचं, हे मात्र त्यांना कुणी शिकवायला नको होतं. धान्यात किडे झाले, डाळीत जाळी झाली, लोकरीचं कांबळं खाल्लं गेलं, या सगळ्यावर उपाय एकच. त्यांनी एकूण एक डबे गच्चीवर नेले, जुन्या लुगड्यावर पिसं पसरली, चार कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. वैशाखाचं ऊन होतं. पिसांना हात लावायला आधी किळस वाटली. पसरता पसरता ती कधी गेली, कळलंही नाही.

दुपारी त्या पालट करायला वर गेल्या आणि वावटळ आली. आधी गल्लीच्या टोकाला धूळ फिरली, मग कुणाचा तरी टॉवेल उडाला, आणि अक्का लुगड्यावर आडव्या पडेपर्यंत लाल, तपकिरी, पांढरी पिसं गरगरत आभाळात गेली.

“अक्का!” शेजारच्या गच्चीवरून मंदाबाई ओरडली. “तुमनं कोंबडं फुटनं का काय?”

“हासू नको व! धर ते! बठ्ठं धर!”

मंदाबाईने पदर पसरला. गल्लीतल्या बायका पापडांचे पाट टाकून आल्या. कुणी पन्हाळीतून, कुणी तुळशीतून, कुणी स्वतःच्या अंबाड्यातून पिसं काढून दिली. माळकरी बाई ओंजळीत कोंबड्याची पिसं घेऊन गल्लीतून चालली आहे, हे बघून मंदाबाईला हसू आवरेना. अक्का तिला शिव्या घालत होत्या आणि मधूनच स्वतःही हसत होत्या.

पुष्कळ परत मिळाली, पण सगळी एकमेकांत मिसळलेली. अक्का सूप घेऊन बसल्या. लांब इकडे, आखूड तिकडे, ताठ वेगळी, मऊ वेगळी. कापसाच्या वेचणीत चांगली बोंडं आणि किडकी कवडी वेगळी करत आयुष्य गेलं होतं. बोटं आपोआप चालू लागली.

संध्याकाळी रूपा आली. सुपातले ढीग बघून दारातच उभी राहिली.

“अक्का... ऊन दाखवलं?”

“कसर लागेल व्हती माय. धान्यले दखाडतस, तसं दखाडं. कसर गयी.”

रूपाने एक लाल पीस उचललं. एका बाजूने ते लाल होतं, दुसऱ्या बाजूने विटक्या विटेसारखं. तिने दुसरं उचललं, तिसरं उचललं. सगळ्या लालांचं तेच झालं होतं. मागणीत निम्म्या माश्या लाल होत्या.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती खाली बसली.

“रंगाला ऊन चालत नाही, अक्का,” ती हळूच म्हणाली. “ह्यांना अंधार लागतो. कोरडा अंधार. उंदीर शिरायला नको, दमट नको. असं घरात कुठे आहे?”

अंगणात मोटारसायकल थांबली. कुंदन आत आला. त्याच्यामागे रविवारी येणारा तो भंगारवाला होता, हातात तराजूचा काटा घेऊन.

“कुंदन,” अक्का म्हणाल्या, “त्याले चहा दे आनि जाऊ दे.”

“अक्का, आता पुन्हा...”

“कोठीमा अंधार शे,” अक्का म्हणाल्या.

भंगारवाल्याने चहा घेतला आणि एक फुटकी बादली घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून कुंदनने कोठी पुसायला घेतली. अडचण रूपानेच काढली: खाली ठेवलेलं वाकून कसं काढायचं? धान्य आपोआप खाली येतं, पिसं नाही येणार.

“ठेवू नको. टांग,” अक्का म्हणाल्या. “मी बियानं टांगत व्हतू.”

कुंदनने झाकणाखाली, कोठीच्या वरच्या काठाला आतून तारेचं कडं बसवलं. अक्कांनी जुन्या लुगड्यांच्या पिशव्या शिवल्या. लांब पिसांना लांब दोरी, आखूड पिसांना आखूड; रंगाच्या पिशवीला त्याच रंगाची चिंधी. वाळलेला कडुनिंबाचा पाला प्रत्येक पिशवीत. खालच्या तोंडात दोऱ्याची रिळं आणि गळांची डबी. “गळले मी हात लावस नही,” असं अक्कांनी बजावलं, म्हणून डबी रूपानेच ठेवली.

तळ पुसताना कुंदनचा हात थांबला. त्याने मूठ बाहेर काढली. मुठीत दादर होती, थोडी पोखरलेली, थोडं नुसतं पीठ.

“अक्का, हाई?”

“कोठी बठ्ठी रिकामी करानी नसते,” अक्का दुसरीकडे बघत म्हणाल्या. “तुना बापनी शेवटली शे.”

रूपाने उरलेल्या कापडाची एक लहान पिशवी घेतली, त्याच्या मुठीखाली धरली. दाणे आत पडले. तिने तोंड बांधलं आणि सगळ्यात लांब दोरी कापली.

विटलेली पिसं तिने पुन्हा रंगवली. लाल माश्या थोड्या उशिरा जातील, असं तिने पुण्याला कळवलं, आणि दुकानदार चालेल म्हणाला. अक्का आता दुपारी सूप घेऊन पिसं निवडायला बसतात. मंदाबाई येता-जाता कोंबड्याची बांग देते.

सकाळी मात्र त्या आधी कोठीपाशी जातात. पेराने पत्र्यावर वाजवतात, पण आता वरून खाली. वर आवाज दबका येतो. पिशव्या दाटीने पत्र्याला टेकलेल्या असतात. मध्ये कुठेतरी तो मोकळा होतो. अक्का तिथे बोट टेकवून रूपाच्या टेबलाकडे बघत सांगतात, “रूपा, खाले अजून जागा शे व.”

मग वाकून अगदी तळाशी, एकदाच, हलकं वाजवतात. आत लांब दोरीवरची लहान पिशवी हलते आणि दाणे सळसळतात.