गुडघ्यांसाठी घातलेले नमस्कार

पिल-सुनच्या उजव्या गुडघ्याचा एमआरआय दुसऱ्यांदा काढला, तो तिच्या नवसाचा सत्त्याण्णवावा दिवस होता. नळीत पाय घालून ती पडली आणि यंत्र ठकठक करू लागलं, तेव्हा तिला देवळात मंत्र म्हणताना वाजवतात तो लाकडी ठोकळाच आठवला. न हलता ती मनातल्या मनात मोजत राहिली. बाई मोठी भाबडी. अडुसष्ट वर्षांची झाली तरी चांगलं केलं की चांगलंच होतं, यावरचा तिचा विश्वास काही सुटला नव्हता.

पहिला फोटो मार्चमध्ये निघाला होता. तेव्हा डॉक्टर ब्यॉननी पडद्यावर हाडाच्या टोकावरची राखाडी पट्टी दाखवली होती.

"आजी, हा कूर्चा. मध्ये झिजलाय, पण कडेला अजून बरा आहे. नव्या इंजेक्शनची चाचणी चाललीय, त्यात तुम्हाला घेता येईल. टोचायचं आणि घरी जायचं. मात्र तीन महिन्यांनी पुन्हा बघणार. पट्टी एवढीच राहिली असेल तर नाव पक्कं. तोवर शेतात जायचं नाही, उकिडवं बसायचं नाही."

"आणि नाही राहिली तर?" मुलीने, यॉन-जूने विचारलं.

"तर गुडघे बदलायचे. दोन्ही. मग सहा महिने कुणाला उचलायचं नावसुद्धा काढायचं नाही."

सगळं घोडं तिथेच अडत होतं. पिल-सुनचा नवरा दॉक-मान चार वर्षांपूर्वी अर्धांगाने आडवा झाला. त्याला उठवणं, पुसणं, कूस बदलणं सगळं तीच करायची, तेही जमिनीवरच्या अंथरुणात वाकून. पलंग आणला होता, त्यावरून म्हातारा दोनदा घरंगळला, म्हणून परत पाठवला. ती सहा महिने पडली तर त्याची रवानगी तालुक्याच्या शुश्रूषा केंद्रात होणार होती. त्याचा थोरला भाऊ तिथे गेला तो परत आलाच नाही. "मला तिथे टाकू नको," एवढं एकच दॉक-मानने मागितलं होतं आणि तिने शब्द दिला होता.

शब्द पाळायला तिने काय करायचं बाकी ठेवलं? लसणाचं शेत दिराला करायला दिलं. खाली बसून कोबी निवडणं बंद केलं. आणि रोज पहाटे बुद्धाच्या तसबिरीपुढे एकशे आठ नमस्कार सुरू केले. उभं राहायचं, गुडघे टेकायचे, कपाळ टेकायचं, पुन्हा उभं राहायचं. असा शंभर दिवसांचा नवस. डॉक्टरांनी कामं बंद करायला सांगितली होती. आता देवापुढे वाकणं हे काय काम झालं? त्यांनी विचारलं नाही, हिने सांगितलं नाही. त्या गावात कुठल्याच बाईने सांगितलं नसतं.

मोजायचं काम दॉक-मानचं. तिचे गुडघे चटईला टेकल्याचा आवाज आला की तो डाव्या हाताने माळेचा एक मणी सरकवायचा. चार वर्षांत पहिल्यांदा त्याला काहीतरी काम मिळालं होतं, आणि स्वारी एकदम रुबाबात आली होती.

"हा धरणार नाही. अर्धाच घातलास," तो बोबड्या जिभेने म्हणायचा. "लबाडी करतेस."

"अहो, तुम्ही नवरा की मुकादम?" असं म्हणून ती तो नमस्कार पुन्हा घालायची.

त्र्याहत्तराव्या दिवशी गुडघ्यामागे टक् झालं आणि तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिला माहेरच्या जिंदोवरून हाक मारणारी देवळातली मैत्रीण कुम-रान मात्र ऐकून हरखली.

"अगं जिंदोवाली, गाठ सुटली तुझी! मागल्या जन्मीची. माझ्या नणंदेचंही असंच झालेलं. आता थांबलीस तर केलेलं सगळं पाण्यात जाईल बघ."

पिल-सुन थांबली नाही. पुढचे चोवीस दिवस तिने भिंतीला धरून, ओठ चावत काढले.

आता डॉक्टरांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. पिल-सुनलाही कळत होतं. मार्चमधली राखाडी पट्टी जूनमध्ये नव्हती.

"दोन हाडांमधल्या गादीचं मूळ मागून उपटलंय," ते म्हणाले. "गादी बाहेर सरकली, मग हाडावर हाड घासलं. आजी, टक् असा आवाज आला होता का कधी?"

"आला होता."

"कशाने?"

तिने सांगितलं. यॉन-जूने कपाळावर हात मारला. "रोज एकशे आठ? या गुडघ्यांनी? आई, अगं, वेड लागलं होतं का तुला?"

"गुडघ्यांसाठीच तर घालत होते," पिल-सुन म्हणाली.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला. "माझ्या परीक्षेच्या वेळी माझ्या आईनेही घातले होते," ते हळूच म्हणाले. "तिचे गुडघे मागच्या वर्षी बदलले." मग त्यांनी चाचणीच्या यादीतलं तिचं नाव खोडलं.

घरी आल्यावर दॉक-मानने विचारलं, "काय म्हणाले?"

"वय झालं म्हणाले. थोडे दिवस आराम करा म्हणाले."

एकेका मण्याबरोबर तुम्ही माझा गुडघा झिजवत होतात, हे त्याला कुठल्या तोंडाने सांगणार? तिचा जीव तुटत होता, पण ते सांगणं तिला जमलं नाही.

तीन दिवसांनी, नमस्कार थांबले नसते तर नवसाचा शंभरावा दिवस असता त्या दिवशी, केंद्राची गाडी दारात आली. दोघा माणसांनी दॉक-मानला स्ट्रेचरवर घेतलं. तो रडला नाही, की शब्दाची आठवणही दिली नाही. जाताना त्याने डावा हात बाहेर काढला आणि माळ तिच्या हातात कोंबली.

"तीन दिवस राहिलेत," तो म्हणाला. "तिथे मला आवाज यायचा नाही, तू मोज. अर्धे घालू नको. गुडघे बरे झाले की मला न्यायला ये."

"येते हो," ती म्हणाली.

गाडी वळणाआड गेली. पिल-सुन माळ घेऊन घरात आली. त्याच्या रिकाम्या अंथरुणाशी बसावं असं तिला फार वाटलं, पण खाली बसणं आता तिला जमत नव्हतं.