कागदात नसलेलं वाक्य

खरं सांगायचं तर हे लिहायचं जवळजवळ राहूनच गेलं होतं. लिहिणार काय? गोष्टीत लढाई नाही, खून नाही, कोणी मोठा माणूस नाही. एका चक्कीवाल्याने एक वाक्य शोधलं आणि ते त्याला सापडलं नाही, एवढंच. पण मॅसॅच्युसेट्सच्या आमच्या टेकड्यांमध्ये ही गोष्ट सांगणारी म्हातारी माणसं आता संपत आलीत. म्हणून शेवटी बसलो.

तर, सतराशे सत्त्याऐंशीचा डिसेंबर. एल्डन गावची सभा प्रार्थनाघरात भरली होती. आत इतकी थंडी, की बोलणाऱ्याच्या तोंडातून शब्दाआधी वाफ निघायची. फिलाडेल्फियात बंद दारांआड तयार झालेला नव्या सरकारचा मसुदा गावोगाव पोचला होता. तो मान्य करायचा की नाही ते बॉस्टनला ठरणार होतं, आणि एल्डनला तिथे एक माणूस पाठवायचा होता.

निवडला गेला जोथम ब्लिस. वय तीस, धंदा पाणचक्क्या बांधायचा आणि दुरुस्त करायचा. शाळेत गेला तो दोनच हिवाळे, बाकीचं स्वतःच वाचून शिकलेला. त्याला निवडायचं कारण साधं होतं: अख्ख्या गावात तो मसुदा शेवटपर्यंत वाचलेला तो एकटाच. कुठलंही यंत्र दिसलं की उघडून बघायची त्याला खोड होती आणि हा कागदही त्याला यंत्रच वाटला. एक सभा कायदा करणार, दुसरी तो अडवणार, वर बसलेला एकजण दोघींना अडवणार, आणि न्यायाधीश आणखी निराळे. हे सगळं फिरतं कसं, हे त्याला बघायचंच होतं.

"सगळी चाकं एकमेकांना अडवणार, मग पीठ कधी पडायचं?" मागच्या बाकावरून अबायल पॅकार्डने विचारलं आणि सभा हसली.

अबायल म्हणजे जोथमचा लहानपणापासूनचा जिवलग. आदल्या वर्षी करांना वैतागून टेकड्यांमधल्या शेतकऱ्यांनी उठाव केला, त्यात तो बंदूक घेऊन गेला होता. उठाव मोडला. भर बर्फात सरकारचे शिपाई त्याच्या घरात घुसले, त्यांनी गाद्या फाडल्या, पिठाच्या पिंपात संगिनी खुपसल्या. पुढे त्याने बंदूक दिली, शपथ घेतली, माफी मिळाली. सभेत हात वर करायचा हक्कही त्याला नुकताच परत मिळाला होता.

त्या दिवशी तो उठून बोलला. म्हणाला, विनाकारण कोणाच्या घराची झडती घ्यायची नाही, असं आपल्या राज्याच्या कायद्यात लिहिलंय. तरी ते आले. या नव्या कागदात तर तेवढंही लिहिलेलं नाही. मग तो वळून जोथमला म्हणाला, "तू जाऊन नीट बघ. माझ्या दाराबाहेर थांबायला लावणारं एक वाक्य त्यात सापडलं, तर मी गप्प बसतो. नाही सापडलं आणि तरी हा कागद पास झाला, तर बर्फ वितळायच्या आत मी बायकापोरांना घेऊन व्हरमाँटला चाललो."

व्हरमाँट तेव्हा या तेरा राज्यांत नव्हतं, स्वतंत्र होतं. उठावातले कितीतरी जण तिकडे पळाले होते. अबायल बोलला म्हणजे करणार, हे जोथमला पक्कं ठाऊक होतं. सभेने हात वर करून ठरवलं, की जोथमने बॉस्टनला जाऊन नाही म्हणायचं.

बॉस्टनमध्ये साडेतीनशेवर माणसं एका प्रार्थनाघरात दाटीवाटीने बसायची. वरच्या सज्जात बघे. रोज एक परिच्छेद वाचायचा आणि त्याचा कीस पाडायचा. वकील बोलायचे, पाद्री बोलायचे, अधूनमधून एखादा शेतकरी उठून सगळ्यांना जमिनीवर आणायचा. जोथम सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन बसायचा. संध्याकाळी खाणावळीत खारवलेला मासा पुढे यायचा, तो तसाच गार व्हायचा आणि हा शेजाऱ्याला विचारत राहायचा, की दोन वर्षांनी निवडणूक का, दरवर्षी का नको? सुरुवातीलाच 'आम्ही लोक' म्हटलंय, ते लोक नेमके कोण? एक म्हातारा कप्तान वैतागून म्हणाला, "पोरा, तू मत द्यायला आलायस की हे सरकार सुटं करून घरी न्यायला?"

खरी गोष्ट अशी, की कागद त्याला आवडायला लागला होता. इतक्या अविश्वासाने बांधलेलं यंत्र त्याने आजवर पाहिलं नव्हतं. प्रत्येक माणूस कधी ना कधी हावरट होणार हे धरूनच बांधणाऱ्यांनी एकेक दांडा बसवला होता. आणि तरी अबायलचं वाक्य काही येत नव्हतं. पहिला भाग संपला, दुसरा संपला. घरी वाचताना ते आपल्या नजरेतून निसटलं असेल, ही जोथमची आशा शेवटच्या ओळीबरोबर संपली.

मग तडजोड निघाली. कागद आत्ता आहे तसा स्वीकारायचा आणि सोबत नऊ दुरुस्त्या सुचवायच्या. जोथमने त्या नऊही ऐकल्या. झडतीचं त्यात नव्हतं. एकाने शेवटच्या क्षणी तसं काहीतरी मांडून पाहिलं, पण ते टिकलं नाही.

मतदानाच्या दिवशी एकेक नाव पुकारलं गेलं. जोथम गावाने सांगितल्याप्रमाणे 'नाही' म्हणाला. कागद एकोणीस मतांनी पास झाला. बाहेर घंटा वाजायला लागल्या आणि त्याला पहिल्यांदा आठवलं ते अबायलचं घर.

पण त्यानंतर आत जे झालं, त्याची त्याने कल्पनाही केली नव्हती. हरलेल्यांपैकी एकजण उठला. म्हणाला, मी विरोधात मत दिलं, माझं म्हणणं पडलं. आता घरी जाऊन लोकांना सांगतो की हे आपलंच आहे, पाळायचं. मग दुसरा उठला, मग तिसरा. कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. जोथम डोळे फाडून बघत राहिला. वर्षापूर्वी असेच हरलेले लोक बंदुका घेऊन निघाले होते. सगळ्या यंत्रातला हा दांडा कागदावर कुठेच काढलेला नव्हता, आणि यंत्र तर त्याच्याच जोरावर फिरणार होतं.

तोही उठला. "मीही घरी जाऊन सांगेन," तो म्हणाला. "ऐकतील का, ते मात्र विचारू नका." सगळे हसले. तो हसला नाही.

एल्डनला बातमी त्याच्या आधी पोचली होती. अबायलच्या अंगणात बैलांची बर्फगाडी उभी होती. नांगर, चरखा, मक्याची पोती, सगळं अर्धंमुर्धं चढवलेलं. अबायल दोर आवळत होता. त्याने मान वर केली नाही.

"नाही म्हणालास ना? मग पुन्हा उठून कशाला त्यांच्या सुरात सूर मिळवलास?"

"हरलो म्हणून."

"मीपण हरलो होतो. मी नाही त्यांचं पाळा म्हणून लोकांना सांगत फिरलो."

जोथमने त्याला सगळं खरं सांगितलं. वाक्य कागदात नाही. नऊ दुरुस्त्या सुचवल्यात, त्यांतही नाही. कोणीतरी मांडलं ते पडलं. पण या वेळी आपल्याला विचारलं होतं, आपला हात मोजला होता, आणि मोजून हरण्यात न् घरात घुसून हरवण्यात फरक आहे. अबायल दोर आवळतच राहिला. म्हणाला, तुझा फरक तुझ्यापाशी ठेव, तोंडाला पानं पुसायला चांगला आहे.

तेवढ्यात त्याची बायको केझाया दारात आली. हातात एक लोखंडी तवा होता, तोही गाडीत चढायचा होता. ती जोथमला म्हणाली, "तुम्ही सगळे त्या वाक्यामागे लागलात. ते वाक्य मी म्हटलं होतं, शिपाई आले त्या दिवशी. इथेच, दारात उभं राहून, जसंच्या तसं. कायद्यात लिहिलंय म्हटलं, आत यायचं नाही."

"मग?" अबायलने विचारलं. हे त्यालाही नवीन होतं. तो त्या दिवशी रानात लपला होता.

"मग काय, हसले. मी एकटीच म्हणत होते ना."

बैलाने मान हलवली. अबायलचा हात दोरावर थांबला.

जोथम गाडीजवळ गेला. "तू जायचं तर जा, अबायल. मी दोर सोडणार नाही, तू सोड," तो म्हणाला. "पण थांबलास, तर ऐक. दर मार्चला गावसभा भरते, त्या दर सभेत उभा राहून मी ते वाक्य मागेन. हसले तरी मागेन, तू कंटाळलास तरी मागेन, त्या कागदात येईपर्यंत. आणि उद्या पुन्हा कोणी या दारात आलं, तर केझायाला ते एकटीने म्हणावं लागणार नाही. मी तिच्या शेजारी उभा राहून म्हणेन."