एशमत ताशमतोवची पाळी

तेराकली गावात मी अडतीस वर्षं पाटकरी होतो. कुणाच्या वाफ्यात पाणी शिरलंय, हे मी घरी उशीला कान लावून सांगायचो. खोटं वाटत असेल तर वाटू द्या. गावातल्या चाळीस बागांच्या पाळ्या माझ्या डोक्यात असायच्या, आणि अडतीस वर्षांत त्यातली एकही मी चुकवली नाही. हे मात्र खरं.

मग पाणीसंघाच्या कचेरीत कॉम्प्युटर आला आणि त्याच्यामागोमाग फरगाना शहरातून शिकून आलेली मुनीसा. पोरगी भारी हुशार.

"बोबो, चार दिवस तुमचं डोकं मला द्या," आजोबांना हाक मारावी तशी ती म्हणाली.

"घे, पण जसं आहे तसं परत कर. आतलं एकच घर रिकामं आहे, तेही माझ्या म्हातारीनं केलेलं."

मी सांगत गेलो, ती टाइप करत गेली. शेवटी तिनं एक साचा बनवला. नाव, जमीन आणि पीक एवढंच भरायचं. पाणी किती तास आणि कुठल्या वारी, ते पुढच्या रकान्यांत आपोआप उमटायचं. चाळीस बागा, म्हणून चाळीस ओळी. कसं भरायचं ते कळावं म्हणून पहिल्या ओळीत तिनं एक खोटा माणूस बसवला : एशमत ताशमतोव, एक हेक्टर मका, गुरुवारी चार तास. कुणाचंच नाव घ्यायचं नसलं की आम्ही एशमत-ताशमत म्हणतो, हे इथं शेंबड्या पोरालाही कळतं. खरी नावं भरताना ती ओळ पुसायची होती.

त्याआधीच आमचा अध्यक्ष तुर्गुन-अका साचा घेऊन जिल्ह्याला गेला आणि आपण बनवला म्हणून दाखवून आला. जिल्ह्याच्या साहेबांना तो आवडला. एशमतची ओळ त्यांनी वाचली असती तर त्यांनाही हसू आलं असतं. पण वाचायचं काम साहेबाचं थोडंच असतं! त्यांनी शिक्का मारला, कुणी फेरफार करू नये म्हणून साच्याला पासवर्डचं कुलूप घातलं आणि हुकूम काढला : याच्याबाहेर थेंबभर पाणी सोडायचं नाही. ज्यानं कुलूप घातलं त्याची महिन्याभरात वाळवंटाकडे बदली झाली. पासवर्ड त्याच्याबरोबर गेला.

एशमतनंतर ओळी उरल्या एकोणचाळीस. चारीच्या तोंडापासून नावं भरत गेले, त्यात शेपटाला साओदत मावशी राहिली. नवरा गेल्यावर त्यानं लावलेली जर्दाळूची अकरा झाडं, एवढाच तिचा संसार. वाळवलेले जर्दाळू विकून ती वर्ष काढायची.

मावशी कचेरीत आली. मी तिथंच चहा पीत होतो.

"ओळच नाही, मावशी," तुर्गुन-अका म्हणाला. "ओळीशिवाय पाणी कसं सोडू?"

"मग त्या मेल्या एशमतला काढ."

"मेला कसा? गेल्या गुरुवारी पाणी घेतलंय त्यानं. ही बघ नोंद."

"मग माझा त्याच्याशी निकाह लावून दे! पाणी तरी येईल."

"लावला असता, पण दोघांची सही लागते."

सगळे हसले. मीही हसलो. मावशी हसली नाही.

मुनीसानं दोन दिवस खपून नवा साचा केला, एशमतला वगळून, आणि जिल्ह्याला पाठवला. उत्तर आलं : मंजूर साचा असताना स्वतःच्या मनानं साचे करण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? पोरीनं ते पत्र घडी करून बुटात ठेवलं. म्हणाली, "पायाखालीच बरं आहे, बोबो."

इकडे दर गुरुवारी मला एशमतच्या नावानं चारीचं दार उघडावं लागे, कारण तासांची बेरीज जुळली नाही तर तक्ता लाल व्हायचा. त्याचं शेत कुठं नव्हतंच, म्हणून पाणी कब्रस्तानाखालच्या दगडधोंड्यांवर सोडायचं. तिथं असा बोरू वाढला की करकोचे वाटेत दम खाऊन मग शेंड्यावर पोचायचे. बेडूक एवढे माजले की गावची मांजरं तो रस्ता सोडून जायची. तुर्गुन-अकाच्या तीन गायी तिथं चरून पिंपासारख्या झाल्या. आणि वर्षाचा आदर्श शेतकरी म्हणून जिल्ह्यानं एशमतलाच निवडलं, कारण त्याची एकही तक्रार नव्हती! त्याच्या वतीनं मानाचा चोपान, म्हणजे लांब झगा, अध्यक्षानं स्वीकारला आणि लगेच अंगात घातला. मापाचा होता.

चिल्ल्याचं, म्हणजे उन्हाळ्यातल्या सगळ्यात कडक चाळीस दिवसांचं, ऊन सुरू झालं. मावशीच्या झाडांची पानं काठाकडून करपायला लागली. ती बादल्या वाहायची, पण अकरा झाडांना बादली म्हणजे चहाचा घोटच. माझ्याच्यानं बघवेना. पुढच्या दोन गुरुवारी मी एशमतचं दार बंद ठेवलं आणि पाणी शेपटाकडे काढून दिलं. झाडांनी मान वर केली.

पण बोरू पिवळा पडला आणि गायींचं दूध आटलं. तिसऱ्या गुरुवारी मला कचेरीत बोलावलं. टेबलावर तक्रार होती : "माझ्या हक्काचं पाणी पाटकरी एरगश यानं चोरलं." खाली सही, एशमत ताशमतोव.

"अका, ही सही तुझी आहे," मी म्हणालो.

"वतीनं केलीय," तो म्हणाला. "चारीच्या दारांच्या किल्ल्या ठेव."

मी ठेवल्या. नवा पाटकरी कागद बघून दारं उघडायचा, कागदाबाहेर त्याचा हात जायचा नाही. साओदत मावशीनं आणखी वीस दिवस बादल्या वाहिल्या. मग खांदा गेला. शरद आला तेव्हा अकराही झाडं खडखडीत वाळली होती. तोडायला मीच गेलो. पैसे देऊन माणूस आणायची तिची ऐपत नव्हती.

वसंतात जिल्ह्यानं नवा साचा पाठवला. दोनशे ओळींचा. मुनीसानं सगळ्यात आधी मावशीचं नाव भरलं. पीक मात्र जमिनीच्या जुन्या नोंदवहीतून आपोआप आलं : जर्दाळू, अकरा झाडं, बुधवारी तीन तास.

पहिल्या बुधवारी आम्ही दोघं बघायला गेलो. पाणी अगदी वेळेवर आलं. एकेक आळं काठोकाठ भरत पुढं सरकलं, आणि प्रत्येक आळ्यात मधोमध एक बुंधा. मावशी एका बुंध्यावर बसली होती, पाय पाण्याबाहेर धरून.

"मावशी, नवी रोपं आणते मी," मुनीसा म्हणाली.

"आण की. पाच वर्षांनी फळ धरेल. मला एकाहत्तरावं लागलंय."

मावशी माझ्याकडे वळली.

"एरगश, हे बंद कर ना."

"मी आता पाटकरी नाही."

"मग किती वेळ चालणार?"

"तीन तास," मी म्हणालो.