तेवढी पायरी सोडा

मी बोलतोय. बुखारेस्टमधलं एक लहानसं, जुनं चर्च. तुम्ही मला पाहिलेलं नसणार, आणि त्यात तुमची काही चूक नाही. माझ्या तोंडासमोर आठ मजली इमारत उभी आहे. रस्त्यावरून जाणाऱ्या बसमधल्या माणसांना एवढंच ठाऊक असतं, की हिच्यामागे चर्च आहे. म्हणून ती इमारतीकडे बघून छातीवर क्रूस काढतात. नेमका त्याच वेळी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत तिथे राहणारा कोर्नेल बनियनवर सिगरेट ओढत असतो. निम्मी बस रोज त्यालाच नमस्कार करते, आणि तोही वरून हात हलवतो. आता काय बोलावं!

मला बांधलं चामडं कमावणाऱ्यांनी. दिवसभर कातडी धुऊन ती माणसं संध्याकाळी विटा वाहायला यायची. माझ्यापुढे अंगण होतं, लिंडनची झाडं होती. ती फुलली की धूप लावायची गरज पडत नसे. भूकंप झाले, लढाया झाल्या, मी जागचा हललो नाही.

मग सरकारला रुंद रस्ता हवासा वाटला. आजूबाजूची घरं पाडली. माझीही पाळी आली, तेव्हा कुणीतरी म्हणालं, पाडण्यापेक्षा सरकवू या. माझा पाया कापला, खाली रूळ घातले आणि जॅक लावून बोट-बोट मागे ढकलत नेलं. या वयात! आत भिंतीवरचे संत थरथरत होते. आणि मागे आणून ठेवलं, तर पुढे ही इमारत बांधली. अहो, लपवायचंच होतं तर उचललं कशाला?

त्या जॅकवाल्यांत अंगेल नावाचा एक तरुण होता. ढकलताना माझ्या दाराच्या चौकटीशेजारी, जरा उंचावर, एक तडा गेला. तो आपल्याच बाजूच्या जॅकमुळे गेला, असं त्याने स्वतःच ठरवून टाकलं. कोणी त्याला एका शब्दाने बोललं नव्हतं. तेव्हापासून दर रविवारी तो बायकोला, साफ्ताला, घेऊन यायचा. आत शिरण्याआधी वरच्या पायरीवर थांबून तड्यावर तळवा ठेवायचा आणि हळूच विचारायचा, “काय म्हाताऱ्या, बरा आहेस ना?” पुढे तो स्वतः माझ्याइतकाच म्हातारा झाला, तरी मला म्हातारा म्हणायचं सोडलं नाही.

आता गाड्यांचं सांगतो. इमारतीखालच्या बोळातून माझ्या दाराशी येता येतं. म्हणजे येता आलं असतं. पण या शहरात ज्याला त्याला ‘फक्त दोन मिनिटं’ गाडी लावायची असते. नवऱ्या मुली घागरा सावरत बॉनेटला वळसा घालून लग्नाला आल्या आहेत. बारशाची बाळं गाडीवरून हातोहात पलीकडे दिली आहेत. कोर्नेलची हिरवी गाडी तर माझ्या पायऱ्यांना नाक लावूनच झोपते.

गेल्या शरदात अंगेल गेला. इथल्या रीतीप्रमाणे दंडाला टॉवेल बांधलेली माणसं शवपेटी उचलून बोळातून आली आणि थबकली. पुढे हिरवी गाडी. पेटी वळेना.

“कोर्नेल!” फादर सिमियोन ओरडले. “अरे, गाडी काढ!”

“फादर, किल्ली बायकोच्या पर्समध्ये आहे!” वरून आवाज आला. “ती बाजारात गेलीय. आलीच दोन मिनिटांत!”

“तुझ्या बायकोची दोन मिनिटं आम्हाला ठाऊक आहेत,” पेटी धरलेला एक जण म्हणाला. “तोवर आमचीही पेटी मागवावी लागेल.”

फादरांनी साफ्ताकडे पाहिलं. “मावशी, बाजूच्या लहान दाराने नेऊ या का? नाहीतर इथेच प्रार्थना उरकतो.”

साफ्ताच्या हातात गेलेल्याच्या नावाने करतात त्या उकडलेल्या गव्हाच्या गोडाचं ताट होतं. ते तिने शांतपणे गाडीच्या टपावर ठेवलं.

“इथून,” ती दाराकडे बोट करून म्हणाली. “तो दर रविवारी इथूनच आत गेला. आजही इथूनच जाईल.”

“पण ही गाडी...”

“माझ्या नवऱ्याने अख्खं चर्च हलवलं होतं, फादर. तुम्हाला एक गाडी हलवता येत नाही?”

तेवढ्यात कोर्नेल सपाता फटफटवत खाली आला. “ढकलू नका हं, गिअरमध्ये आहे! आणि आरशाला हात लावू नका!”

“ढकलत नाही बाबा, उचलतोय,” मघाचाच माणूस म्हणाला. “तू बघत काय उभा राहिलास? धर तुझ्या या हिरव्या पोरीला मागून!”

पेटी भिंतीकडेच्या बाकावर टेकवली. ताट खाली घेतलं. फादरांनी झग्याच्या बाह्या सारल्या. कोर्नेलने गाडीकडे पाहिलं, साफ्ताकडे पाहिलं आणि बंपरखाली हात घातला. गाडी उचलून एका अंगाला ठेवली गेली. मला न्यायला किती रूळ लागले होते, आणि इथे थोडी लाजच पुरली.

पेटी वरच्या पायरीवर आली तेव्हा साफ्ताने ती थांबवली. टाचा उंच करून ती तड्याकडे हात नेऊ लागली. बोटांची टोकं पोहोचली, तळवा पोहोचला नाही. तशीच ती म्हणाली, “काय म्हाताऱ्या, बरा आहेस ना?” कोणाला विचारत होती, मला की त्याला, मला कळलं नाही.

तुम्हाला वाटेल, त्या दिवसानंतर सगळे सुधारले. छे! पुढच्याच रविवारी हिरवी गाडी पुन्हा हजर. फक्त हातभर मागे. कोर्नेलच्या मानाने तेही फार झालं म्हणायचं. पण त्याने हातभर सोडलं की तिथे दुसरा कोणीतरी दुचाकी घुसवतो.

मी अंगण मागत नाही. लिंडनची झाडं मागत नाही. पुढची इमारत पाडा असंही म्हणत नाही, त्यातही माणसंच राहतात. मला एकदा हलवलंत, तेवढं पुरे झालं. पण साफ्ता अजून दर रविवारी येते, आणि ती दिवसेंदिवस वाकत चालली आहे. वरच्या पायरीवर चढून नीट उभं राहायला मिळालं, तरच तिची बोटं त्या तड्यापर्यंत जातात. खालून जात नाहीत.

तेवढी पायरी सोडा, बाबांनो. कोणीतरी मला विचारायला येतं.